पाटावरून उठल्यावर

जेल रोड, नाशिक रोड
२४ ऑक्टोबर २०२५

तेजलताई,

नमस्कार. आई बरी आहे, गुडघा तेवढा दुखतो. करंज्या उरल्यात, त्या घेऊन येतोय.

काल तू ओवाळायचं ताट मनालीच्या हातात दिलंस, तिथंच सगळं बदललं. माझ्यासाठी तरी.

त्याआधी छान चाललं होतं. यंदा भावांनीही बहिणींना ओवाळायचं, हे तूच ग्रुपवर टाकलेलंस. दाजींनी त्यांच्या बहिणीला, मनालीला ओवाळलं, मी तुला. माझ्या हातून कुंकू भुवईपर्यंत पसरलं, तर तू म्हणालीस, "कुंकू लावतोस का भिंत रंगवतोस?" ते मला आवडलं, खरंच. मग मी पाटावर बसलो आणि तू म्हणालीस, "यंदा फक्त सख्ख्यांचंच नाही. मनाली, तूच आधी ओवाळ ह्याला."

तुझ्या आजेसासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "आमच्या येळेला सुनंचा भाऊ म्हंजी नणंदेला सांगून आलेलं स्थळ. आता त्यालाच भाऊ करत्यात!" सगळे हसले. "आजी, तसलं काय नसतं आता," तू म्हणालीस. मनालीही हसत होती.

मी उठलो. "मला बहीण एकच पुरे," असं काहीतरी ओरडलो, चपला घातल्या आणि निघालो. तुझं ओवाळणं राहूनच गेलं. भाऊ पाटावरून तसाच उठला, हे तुला सासरी वर्षभर ऐकावं लागणार. कालपासून तू फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे.

कॉलेज सोडलं तेव्हा सांगितलेलं, सरांशी भांडण झालं. झालं होतंच. पण भांडण हजेरीवरून होतं, आणि हजेरी नव्हती कारण मी तुझ्याकडं यायला सिन्नरच्या एसटीत असायचो. तू शेजारणीला सांगायचीस, "आठवड्याला येतो, लय जीव लावतो माझा भाऊ." मी खाली बघून चहा प्यायचो. चहा मनाली करायची. तिला मी कधी काही विचारलं नाही. तिनंही कधी काही दाखवलं नाही. माझ्या कपात साखर कमी टाकायची, एवढंच. न सांगता. त्या चहावर मी सेकंड इयर घालवलं.

तोंडानं बोललो की माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय. मी दारात आलो की आधी हे वाच, मग आत घ्यायचं की नाही ते ठरव. घेतलंस, तर आधी तू ओवाळ. मग मी तिला एकदाच विचारणार, तुझ्यासमोर. ती दादा म्हणाली, तर तिच्यापुढंही पाटावर बसेन आणि कपाळ पुढं करेन. पण ते तिनं ठरवायचं. ग्रुपनं नाही.

आई विचारतेय, "भाऊबीज तर काल झाली, आज कुठं?" तिला काय सांगू? निघतो. दार ओढून घेतो.

ओवाळायचा राहिलेला,
बंटी