दोन हातांचा ठेका

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रेसवरच्या माझ्या भावांनो, बहिणींनो, पाळीला नऊशे नग हा आकडा कोणी ठरवला? ज्याने ठरवला, त्याने साठ टनांखाली स्वतःचा हात एकदा तरी घातला आहे का?

— संघटनेच्या शुक्रवारच्या फाटकसभेतल्या माझ्या भाषणाची ही सुरुवात. चांगली जमली आहे. जेवताना वहिनीला वाचून दाखवली. ती आठ वर्षं ट्रिमिंग प्रेसवर आहे. म्हणाली, "भाऊजी, गोदामात खोकी मोजता आणि आमच्या हातांवर भाषणं करता. एकदा बसून तरी बघा." दादा ताटात बघून हसत होता.

झोंबलं. फोरमनला लगेच फोन केला. उद्यापासून चार दिवस प्रेसवर.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काय पाहिलं आज!

पंपाचं ओतीव झाकण आमच्याकडे येतं तेव्हा त्याच्या कडेला धातूची वेडीवाकडी झालर असते. वितळलेलं ऍल्युमिनियम साच्याच्या फटींतून सांडतं आणि तिथेच थिजतं. झाकण खालच्या डायवर, म्हणजे पोलादी बैठकीवर, बसवायचं. दोन बाजूंना दोन बटणं, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबायची. वरचं धूड उतरतं. आपण 'बापरे' म्हणेपर्यंत झालर गळून खाली, आणि झाकणाची कड अशी की गालावरून फिरवावी. बाकावरच्या पेल्यातलं पाणी नुसतं शहारलं.

शक्ती हा शब्द मी व्यासपीठांवरून किती वेळा फेकला असेल! पुस्तकांतून उचलायचा, सभेत उधळायचा. आज पहिल्यांदा तिच्यासमोर बसलो. साठ टन, आणि केसाइतकी चूक नाही. दिवसभर तोंड उघडलं नाही. मी!

नग — तीनशे चाळीस.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज चारशे बारा. पलीकडच्या प्रेसवरची म्हणाली, "नेत्यांचे हात माइकलाच शोभतात."

वहिनीचे नऊशे वीस. कसे? सुट्टीत वाकून पाहिलं. तिच्या उजव्या बटणात लाकडी खुंटी ठोकलेली — बटण कायमचं दाबलेलं. या जुन्या प्रेसना फसवणूक कळत नाही. डाव्या हाताने दुसरं बटण दाबायचं, उजवा हात मोकळा. झाकण उचलायला, ठेवायला. थेट डायखाली.

"वहिनी, हात बाहेर राहावेत म्हणूनच दोन बटणं आहेत ना?"

"दोन्ही दाबत बसले तर माझा आकडा नातवंडांना पुरा करावा लागेल. आठही प्रेसना खुंटी आहे, भाऊजी. तुमच्या खणातही असेल, आधीचा ठेवून गेलाय."

होती. तेलाने काळी पडलेली.

डाय बसवून देणारा म्हातारा सेटर एकटाच कधी खुंटीला शिवला नाही. त्याला सगळे दहाबोट्या म्हणतात. मला आधी विनोद कळलाच नाही. मग एकेकाचे हात पाहत फिरलो.

वहिनीची अजून दहा आहेत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

खुंटी लावली. या पानाशिवाय कोणाला सांगवत नाही.

पहिल्या तासाला सत्तर. दुसऱ्या तासाला एकशे अठरा! असा आनंद मला टाळ्यांनीही दिलेला नाही. ठेका लागला, विचार थांबले. झाकण मी ठेवत नव्हतो, हात आपला ठेवत होता.

एकदम प्रेस बंद पडली. दहाबोट्या शेजारी उभा, मुख्य खटका ओढलेला. माझा डावा हात बटणावर. उजवा मनगटापर्यंत डायमध्ये.

"काढ बाहेर," तो हळूच म्हणाला.

तो तर शेडच्या दुसऱ्या टोकाला होता, पाठ करून, डाय आवळत! मध्ये आठ प्रेसची धडधड.

"मामा, तुम्हाला दिसलं कसं?"

"दिसतंय कुठं? ऐकलं. दोन हातांचा ठेका वेगळा, एका हाताचा वेगळा. शे-दीडशे नग हात घाबरून चालतो. मग घाबरायचं विसरतो. विसरलेला हात ऐकू येतो."

मी जन्मभर लोकांना ऐकवलं. असं ऐकणारा माणूस पाहिला नव्हता. त्याच्या कानांकडेच बघत राहिलो.

"मग बाकीच्यांच्या प्रेस का बंद करत नाही?"

"करायचो की. सात वर्षांपूर्वी रोज करायचो. मग जादा नगांचे पैसे बुडतात म्हणून माझ्यावर अर्ज झाला. संघटनेच्या कपाटात असेल, बघ."

"आणि आज माझी केलीत ती?"

"अर्जावर तुझी सही नव्हती."

७ फेब्रुवारी, शुक्रवार — सभेआधी

अर्ज सापडला. 'सदर सेटर उत्पादनात वारंवार अडथळा आणतो. त्यास चालू यंत्र बंद करण्यास मनाई व्हावी.' खाली सगळ्या पाळ्यांतल्या प्रेसवाल्यांच्या बत्तीस सह्या. माझी नाही. अक्षर मात्र माझं, शब्द माझे — प्रेस न पाहता लिहिलेले, लिहून विसरलेले. मागे टाचलेली व्यवस्थापनाची सूचना, दोन महिन्यांनंतरची: अर्ज मंजूर, वाढलेले उत्पादन पाहता पाळीचा आकडा पाचशेवरून नऊशे.

भाषण फाडलं. सभेत हा अर्जच वाचणार, लिहिणाऱ्याच्या नावासकट. त्यानंतर एवढंच बोलायचं: उद्या बटणातली खुंटी काढा, मगच पहिला नग हातात घ्या. वहिनी, पहिली तुमची.