मंगळवारचं बातमीपत्र

४ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या हट्टापायी पुन्हा पेन हातात धरलं आहे. घरात फोन असताना पत्र लिही म्हणणारा माणूस अख्ख्या गावात तू एकटाच. नदीचा पूल ओलांडला की तुझं घर, आणि आपण पोस्टमनला दमवायचं! पण फोन केला की तू नुसतं हूं हूं करून वहिनीच्या हातात देतोस, आणि घरी आले की तोंडासमोर पेपर धरतोस. त्यापेक्षा हे बरं.

तर बातमी अशी, की वीज कंपनीच्या तक्रार-खिडकीतून निवृत्त झालेली तुझी बहीण आता बातमीदार झाली आहे. पगार नाही, चहा आहे. आपल्या भागाचं छोटं रेडिओ केंद्र सायकल-दुकानाच्या माडीवर निघालंय. वृत्तविभाग म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि त्यातली एक डुगडुगणारी. वाचायच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात. माईक सुरू झाला की पंखा बंद, कारण त्याची कुरकुर बातम्यांपेक्षा स्पष्ट ऐकू जाते.

संपादक म्हणजे तुझ्या धाकटीच्या वयाची मुलगी, पण शिस्त कडक. दोन जणांनी दुजोरा दिल्याशिवाय बातमी घ्यायची नाही, हा तिचा नियम. मी पहिल्याच दिवशी नाक्यावरचा दवाखाना बंद होणार अशी खबर नेली. कोण म्हणालं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, सगळेच म्हणतात. त्यावर ती म्हणाली की सगळे हा एकच माणूस धरायचा. आणि मी तर आयुष्यभर सगळ्यांच्याच भरवशावर बोलत आले!

माझ्या जोडीला एक निवृत्त बसड्रायव्हर आहेत. ते हवामान वाचतात आणि वाक्यात जागा असो नसो, थांबा आला की थांबतात.

संध्याकाळी साडेसहाच्या बातम्या सध्या माझ्याकडे आहेत, पण चाचणी म्हणून. महिनाअखेरीला श्रोत्यांचं म्हणणं पाहून कायमचं कोण वाचणार ते ठरेल. दादा, मला ते काम हवंय रे. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच घड्याळाकडे बघून पदर सावरावासा वाटतो. तेव्हा ऐक आणि चुका कळव. सासऱ्यांनी छापून आणलेली स्वतःची लग्नपत्रिका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवणारा प्रूफरीडर तू, मला काय सोडणार आहेस!

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो रेडिओच्या आवाजासारखा जरा वाढवावा.

तुझी,
टकळी


१४ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझी बातमीपत्रं नियमाने ऐकतो. एकही चूक नाही. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, वेग योग्य. मंगळवारचं बातमीपत्र तर कळस होता. असं वाचन मोठमोठ्या केंद्रांवरसुद्धा ऐकायला मिळत नाही. हे पत्र तुझ्या संपादकबाईंना खुशाल दाखव.

आमच्याकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीची दाढ दुखत होती, ती काढून टाकली. आता ती पुन्हा पूर्ण वेळ बोलते.

तुझ्या मायेच्या मजकुरात कधी खाडाखोड नसावी.

तुझा,
दादा


१९ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार लिहिला तो रिवाज म्हणून. मनातून मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे.

तुझं पत्र मी बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. केंद्राला आलेलं श्रोत्याचं पहिलंच पत्र! मंगळवारचं बातमीपत्र कळस होतं, इथवर आले आणि ड्रायव्हरकाकांनी हातातला कप खाली ठेवला. माणूस रडवेला झाला. मग म्हणाले की आता लपवणं होत नाही, मंगळवारी चहाची किटली लावायला मोकळा प्लग मिळेना, म्हणून त्यांनी प्रक्षेपणाच्या यंत्राचाच काढला, आणि बातम्या संपल्यावर गुपचूप परत लावला. म्हणजे मंगळवारी मी अख्खं बातमीपत्र गाद्यांना वाचून दाखवलं!

त्यांना लगेच माफी मिळाली. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. तुझं-माझं अक्षर हुबेहूब एक, बाबांनी एकाच कित्त्यावर गिरवून घेतलेलं. संपादक पत्र पाहून फार हळू आवाजात म्हणाली की काकू, श्रोत्यांची पत्रं आपली आपण लिहायची नसतात. दादा, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आता मला फोनजवळ बसवलंय आणि बातम्या ड्रायव्हरकाका वाचतात. काल लायब्ररीचं छप्पर दोन थांबे घेऊन कोसळलं.

काम गेलं तर गेलं. पण तू एक दिवससुद्धा माझं ऐकलं नाहीस आणि वर तोंडभरून कौतुक करून मोकळा झालास, हे लागलं. मी लहानपणी दिवसभर बडबडायचे तेव्हा ऐकणारा तू एकटाच होतास. तेव्हाही नुसतीच मान हलवत होतास का?

तुझी,
टकळी (फोनवरची)


२३ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

माणसाला कामं असतात. मंगळवारची गफलत झाली असेल. इतर दिवशी मी रेडिओसमोर होतो. विषय वाढवू नये.

दादा


२४ फेब्रुवारी

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

भाजी आणते सांगून बाहेर पडले आहे आणि पोस्टातल्या टेबलाशी उभी राहून हे लिहिते आहे. अक्षराकडे बघू नका.

तुमचे दादा खोटं बोलले, पण ते रेडिओसमोर होते हे खरं आहे. वन्सं, त्यांना ऐकू येत नाही. छापखान्याच्या धडधडीत उभी हयात गेली, तिने कान नेले. आता अगदी जवळून ओरडलं तरच काही पोचतं. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलंय, ते मोज्यांच्या खणात पडून आहे. मशीनने कान घालवले, आता कानात आणखी मशीन कशाला, असं म्हणतात. तुम्हाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली आहे. फोन नको, पत्र लिही, ते त्यासाठीच. पेपरही त्यासाठीच. एकदा म्हणाले की ती बोलणार आणि मी ऐकणार, एवढंच तर आमचं नातं. आता मला ऐकू येत नाही हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

रोज सहाच्या आधीच रेडिओ मांडीवर घेऊन बसतात. आवाज पार वरपर्यंत, आणि तळहात खोक्यावर. खोकं थरथरलं की त्यांचा चेहरा उजळतो. आली टकळी, म्हणतात. बातम्या मी मागून कागदावर लिहून देते. त्या मंगळवारी मी दाढेपायी दवाखान्यात होते. रेडिओवर नुसती खरखर असणार, पण थरथर तिचीही होतेच की. मी आले तेव्हा म्हणाले, आज फार जोरात वाचलंन.

तुमच्या नियमाप्रमाणे हा एक दुजोरा. दुसरा आमच्या शेजाऱ्यांकडून घ्या. सगळी गल्ली तुमच्या बातम्या ऐकते, इच्छा असो वा नसो.

शपथ मोडली, ती पोटात घाला.

तुमची,
वहिनी


२ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

या वेळचा नमस्कार खरा आहे.

तुझ्या शेजाऱ्यांना मी फोन लावला. ते दुसऱ्या दिवशी स्वतःच केंद्रावर येऊन थडकले. एक तर तुमचं केंद्र बंद करा, नाहीतर आमच्या शेजाऱ्यांचा रेडिओ, असं त्यांनी संपादकांना बजावलं. रागाच्या भरात दवाखान्याची, पाण्याची, हरवलेल्या शेळीची, सगळ्या बातम्या घडाघडा म्हणून दाखवल्या. इतका पक्का श्रोता केंद्राने आजवर पाहिला नव्हता. त्या मंगळवारी तर तासभर नुसती खरखर ऐकवली, असंही म्हणाले, तेव्हा ते पत्र कुणी लिहिलं, याचा खुलासा झाला. संपादकांनी माझी माफी मागितली आणि माईक परत दिला. ड्रायव्हरकाका सर्वांत खूश. त्यांना बातम्यांत वळणं फार लागत होती.

दादा, मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. बातमी देणाऱ्याचं नाव फोडायचं नाही, हा केंद्राचा दुसरा नियम आहे. मी रडले. तुला ऐकू येत नाही म्हणून नव्हे; ते मला सांगायला तू भ्यायलास म्हणून. तू खोक्याला हात लावून बसलास तरी माझं चालेल. मी समोर बसून सावकाश बोलेन, पाटीवर लिहून बोलेन, पण गप्प बसणार नाही.

एकच अडचण आहे. संपादक म्हणते की मी रोज वाचताना एक चूक करते. कोणती, ते माझं मी शोधायचं. ड्रायव्हरकाकांना सापडत नाही, तुझ्या शेजाऱ्यांना विचारायची सोय नाही. चूक धरणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि त्याची हत्यारं मोज्यांच्या खणात आहेत. बघ बाबा. तुझ्या हयातीत तुझ्या बहिणीची चूक तशीच गावभर जाते आहे.

तुझी,
टकळी


११ मार्च

चि. टकळीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझी बातमी देणारी व्यक्ती मी ओळखली. ती कानांवर हात ठेवते. असो.

चूक सापडली. एक नव्हे, ढीगभर आहेत. तू प्रत्येक बातमीचा शेवट गिळतेस. उद्या पाणी येणार की नाही ते कळायच्या आत तू पुढच्या बातमीत असतेस. पान उलटताना बोटाला थुंकी लावतेस, तेही ऐकू येतं. खुर्ची करकरते. मागे कुणीतरी बशीतून चहा फुरकतं. ते ड्रायव्हर असावेत. निधनाची बातमी आणि शेळी सापडल्याची बातमी तू एकाच सुरात वाचलीस, ते दोन्ही कुटुंबांना बरं वाटणार नाही. पहिल्या पत्रातलं माझं कौतुक सबंध रद्द समजावं.

घरातही बरंच काही कळलं. मोरीतला नळ गळतो. तुझी वहिनी घोरते. ती नाही म्हणते आणि मला दुसरा दुजोरा मिळत नाही.

यंत्र कानाला टोचतं. तुझ्या बातम्यांपुरतं लावतो, हळूहळू वेळ वाढवीन. पहिल्या दिवशी तू नमस्कार म्हणालीस आणि मी दचकलो. टकळे, तुझा आवाज आईसारखा झालाय. कधी झाला ग? त्या दिवशीच्या बातम्या काय होत्या ते मला सांगता येणार नाही. ते प्रूफ तपासायचं राहिलं.

रविवारी ये. येण्याआधी फोन कर.

तुझा,
दादा


१३ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तक्रार पोचली. सगळा जन्म त्या खिडकीत लोकांच्या तक्रारी ऐकण्यात गेला, पण कुठल्याच तक्रारीने माझ्या डोळ्यांत असं पाणी आणलं नव्हतं. संपादकांनी ती केंद्राच्या भिंतीवर लावली आहे. शेवट गिळणं हीच ती चूक, असं त्या म्हणाल्या. बाकीच्या त्यांनाही माहीत नव्हत्या.

आज पत्र एवढंच. शनिवारी संध्याकाळी, बातम्या झाल्या की फोन करते. वहिनीच्या हातात देऊ नकोस.

तुझी,
टकळी