बेप्पूच्या पाण्यात उतरले, माय

माय, मी जपानहून परत आले. साकोलीच्या ऑफिसात बसले आहे, खाली हायवेवरून धानाचे ट्रक जात आहेत, आणि जे सांगायचं आहे ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. तुला लांबलचक वाचायचा कंटाळा, ठाऊक आहे मला. पण मलाही थोडक्यात बोलायची सवय नाही, आणि ती मी तुझ्याकडूनच घेतली.

लोक विचारतात, मॅडम, बायांना परदेशात फिरवण्याचा धंदा तुम्ही कुठे शिकलात? कुठे शिकणार? दसऱ्याला तू गावातल्या बायांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचीस. कुणाला ट्रकमध्ये उलटी होते, कुणाला पुढे बसवायचं, कुणाची भाकरी कमी पडेल, सगळं तुझ्या डोक्यात. गर्दीत चुकामूक होऊ नये म्हणून एकाच जुन्या लुगड्याच्या चिंध्या तू सगळ्यांच्या पिशव्यांना बांधायचीस. मी आज तेच करते, फक्त चिंधीच्या जागी केशरी रुमाल असतो. “माह्या मांगं या, आन् इकडंतिकडं पाहू नोका,” तू म्हणायचीस, आणि एकही बाई इकडंतिकडं पाहायची नाही. त्या दिवशी तुझाच हुकूम चालायचा.

गावात परत आलं की मात्र त्याच बाया गावतळ्यावर, आपल्या बोडीवर, तू पाण्यात पाय टाकलास की एकेक करून बाहेर निघायच्या. कुणाला अचानक चूल आठवायची, कुणाला लेकरू. तुझ्या हातांवर, मानेवर, ओठांच्या कडेला कोड होतं, आणि ते पाण्यातून लागतं असं सगळ्या गावाने ठरवून टाकलं होतं. म्हणून तू भर दुपारी, सगळ्या निघून गेल्यावर, बोडीच्या बांधाच्या दुसऱ्या टोकाला बेशरमाच्या झुडपांआड आंघोळ करायचीस. एकदा शाळेतून येताना मी तुला तिथे पाहिलं आणि दप्तर फेकून सरळ पाण्यात उडी मारली. तू मला दंडाला धरून ओढत बाहेर काढलंस आणि थोबाडीत दिलीस. “माह्या पान्यात येऊ नोको म्हनलं ना तुले! काही झालं तं?” मग घरी आणून विहिरीच्या पाण्याच्या बादल्यांवर बादल्या माझ्यावर ओतल्यास, माझे दात वाजेपर्यंत. ती थप्पड मी केव्हाच विसरले. बादल्या नाही विसरले. गाव जे मानत होतं तेच तूही मानतेस, हे मला त्या दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं.

आता बेप्पूचं ऐक. हे जपानच्या दक्षिणेकडचं, समुद्राकाठचं गाव. तिथे जमिनीतूनच उकळतं पाणी येतं. रस्त्याकडेच्या नाल्यांतून वाफा निघतात, सगळ्या गावाला उकडलेल्या अंड्यांचा वास. लोक त्या वाफेवर भाज्या, रताळी, मासे शिजवतात. आपल्या बायांनी तर घरून नेलेला तांदूळ तिथे शिजवायला लावला आणि वर नावं ठेवली की भात मोकळा झाला, पण वास काही आपल्या भाताचा नाही. डिसेंबरात वर्षातला सर्वात लहान दिवस येतो, त्या दिवशी गरम कुंडात युझू नावाची फळं सोडतात. दिसायला मोठं पिकलं निंबूच. त्या पाण्यात बसलं की हिवाळाभर सर्दी होत नाही म्हणतात. आपलं दिवाळीचं उटणं समज. नियम एवढाच की आधी बाहेर लहान स्टुलावर बसून अंग घासून धुवायचं आणि मग कुंडात उतरायचं, अंगावर सूतभरही कपडा न ठेवता. बायांचं वेगळं कुंड, पुरुषांचं वेगळं.

आपल्या बाया आधी तयारच होत नाहीत. मग मी भाषण करते, की इथे सगळ्या सारख्या, इथे कोण कुणाकडे बघतं, एवढे पैसे भरून आलात ते गाऊन घालून बसायला का. माझं भाषण जोरदार होतं. बाया उतरतात. आणि मी बाहेर उभी राहते. इतकी वर्षं हेच. सामान कुणीतरी सांभाळायला नको का? खरं कारण तुला कळलंच असेल. मलाही कोड आहे, माय. मनगटापासून सुरू झालं, आता पाठ, पोट, मांड्या. मी बंद गळ्याचे, लांब बाह्यांचे कपडे घालते, उन्हाळ्यातसुद्धा. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझा धंदा जाहिरातीवर चालत नाही, एका बाईने दुसरीला सांगण्यावर चालतो. मोहाडीत एक जीभ हलली की लाखांदूरपर्यंत बुकिंग रद्द व्हायला वेळ लागत नाही. माझ्यासोबत एका खोलीत कोण झोपेल, एका डब्यातून कोण खाईल, याची मला खरोखर भीती होती.

यंदा त्या लहान दिवशी बाया कुंडात होत्या आणि मी नेहमीप्रमाणे दारातल्या पडद्याबाहेर. तेवढ्यात आमच्या मुक्कामाच्या घराची म्हातारी मालकीण लगबगीने आली. हातवारे करून सांगू लागली की कुंडातले युझू गायब आहेत आणि दुसरे पाहुणे येण्यात आहेत. मी तशीच आत निघाले तर तिने हसतहसत आडवा हात धरला. कपडे घालून आत जायचं नाही, म्हणजे नाही. मी पडद्यातूनच ओरडले, “बायांनो, निंबू पाण्यात परत टाका!” आतून आवाज आला, “काही आयकू नाही येऊन राह्यलं मॅडम, अंदर या!”

त्या वेळी मला तुझी आठवण आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला पुढच्या बॅचच्या बुकिंगची आठवण आली. मग माझाच मला राग आला. रोज उठून इतरांना भाषण देणारी बाई पडद्याबाहेर उभी आहे, हे काही शोभत नव्हतं. मी कपडे काढले, स्टुलावर बसून नीट अंग धुतलं आणि आत गेले.

मोहाडीकडच्या एक निवृत्त शिक्षिका हळूच सरकत कुंडाच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेल्या. मी ते पाहिलं. अलीकडे लाखांदूरची एक शेतकरीण बसली होती, आणि तिच्या डोक्यावर टॉवेलचं गाठोडं होतं. सगळे युझू त्यात.

“हे लोनच्याले नेतो म्हनलं,” ती म्हणाली. “एवढे चांगले निंबू पान्यात सडवून राह्यले हे लोक.”

“बाई, ते लोणच्याचे नाहीत, आंघोळीचे आहेत. टाका परत.”

तिने एकेक सोडलं. सोडता सोडता माझ्याकडे पाहिलं. “कोड होय का?”

“होय.”

“मंग आतापावतर काहून लपवून राह्यली होती? आमी इथं गरम पान्यात, आन् तू भाईर थंडीत कुडकुडत. ये, बस.” तिने माझं मनगट धरून मला पाण्यात ओढलं.

पाणी गळ्यापर्यंत आलं. मी मोठ्याने सांगितलं, तुला माझा आवाज माहीत आहे, की हे पाण्याने लागत नाही, हाताने लागत नाही, माझ्या मायलाही होतं. ती म्हणाली, “आमाले कायले सांगतं? आमी तं बसलोच आहो ना पान्यात.” बाकीच्या हसल्या आणि मीही हसले. शिक्षिकाबाई कोपऱ्यातच राहिल्या, रात्री जेवायलाही लांब बसल्या. परत आल्यावर मोहाडीच्या एका कुटुंबाने चेरीच्या फुलांची सहल रद्द केली. करू देत. बाकीच्या येणार आहेत, आणि या खेपेला मी आधी पाण्यात उतरणार आहे आणि मग भाषण करणार आहे.

पण मला तुला सांगायचं होतं ते वेगळंच. तुझ्या शेवटच्या आजारात तुझा पेला वेगळा होता, आणि तो दुसऱ्या कुणी नाही, तूच वेगळा ठेवला होतास. माय, तुझ्या पाण्याने मला काही झालेलं नाही. डॉक्टरांना मी खोदून खोदून विचारलं आहे. मी रोज तुझ्यासोबत आंघोळ केली असती तरी काही झालं नसतं. आपण दोघी रोज बोडीवर जाऊ शकलो असतो.

हा कागद कुठे पाठवणार, राहील ड्रॉवरमध्ये. एक मात्र डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही. त्यांनी दिलेलं मलम मी बाकीच्या सगळ्या डागांना लावत आले. मनगटावरचा पहिला डाग तुझा होता तिथेच, तसाच उठला आहे. त्याला मी एकदाही लावलं नाही.