रविवारचा कोळसा

कर्कब्रे, साउथलंड
शनिवार, २१ जून १८८४

प्रिय ह्यूदादास,
धाकट्या बहिणीचा स. न. वि. वि.

आज दिवसभर जूनची कडक थंडी. सकाळच्या गाडीने कोळसा आला, तो आमचा गाडीवान पीट्री याने उतरवून घेतला. दुपारपर्यंत मी वखारीत गिऱ्हाइके पाहिली. मग गॅव्हिनच्या थडग्यावरची माती बसली का ते पाहून आले. बसली आहे. बाकी विशेष काही नाही.

पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. तू हसशील, तरी विचारते.

डनेडिनच्या कंपनीने दोन नवी कापणीयंत्रे पाठवली आहेत. पुढच्या महिन्यात तिचा माणूस येऊन ठरवणार, की यंत्रांची विक्री माझ्याकडे ठेवायची की मच यांना द्यायची. मच म्हणजे लोखंडी सामानाचे दुकानदार आणि आमच्या चर्चचे पंच. ते सगळ्यांना सांगतात की बाईमाणसाने घरगुती कोळसा खुशाल विकावा, यंत्र विकणे तिचे काम नव्हे. यंत्रे गेली तर नुसत्या कोळशावर वखार चालणार नाही. मग मला तुझ्याकडेच यावे लागेल.

यंत्रांना शेडमध्ये जागा हवी, म्हणून पीट्रीने आतला कोळसा बाहेर काढून फळ्यांच्या भिंतीला लागून उंच रचला. ढीग देखणा झाला आहे. गॅव्हिन मात्र हा तपकिरी कोळसा कधी गुडघ्याच्या वर जाऊ देत नसे. पावावर लोणी फासावे तसा सगळीकडे पसरून ठेवायचा आणि दर शनिवारी त्यात लोखंडी सळई खुपसून, ती काढून गालाला लावायचा. लोक विचारायचे, काय रॅन्काइन, आज कोळशाला ताप किती? तो म्हणायचा, औषध लागू पडतंय. मला ती नवऱ्याची एक लहर वाटे, म्हणून मी कधी विचारले नाही.

आता पाहा. सकाळी वखारभर दहिवर पडते, अगदी नांगरांच्या फाळांवरसुद्धा. ढिगाच्या माथ्यावर मात्र नाही. शेजारणीच्या कोंबड्या कुंपण ओलांडून नेमक्या तिथे जाऊन बसतात. हे काय असावे? मला चैन पडत नाही.

जेसीवहिनीला आणि मुलांना आठवण सांग. माया आहेच, ती मागण्याची गरज नाही.

तुझी,
इझोबेल

ओमारू
शुक्रवार, २७ जून १८८४

चि. इझोबेल हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

नवरा जाऊन तीन महिने झाले नाहीत आणि तू कोंबड्यांचा अभ्यास करतेस हे वाचून जेसीला काळजी वाटली. मी तिला सांगितले, आमची इझी पहिल्यापासून अशीच. लापशीतून वाफ का निघते ते बघत बसायची आणि लापशी गार करून टाकायची.

पण पुढचे वाचून माझे हसू थांबले. गॅव्हिन तरुणपणी कोळशाच्या जहाजावर खलाशी होता, हे तुला माहीत असेलच. त्या जहाजातला कोळसा भर समुद्रात आपोआप पेटला. तुमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, माझ्या भट्टीसमोर बसून त्याने मला हे सांगितले. थंडीचे दिवस होते आणि डेकच्या फळ्या अनवाणी पायांना गरम लागत होत्या. सगळे खलाशी त्यावर खूश होते, असे म्हणाला. त्यानंतर होड्या सोडाव्या लागल्या. पुढचे त्याने सांगितले नाही आणि मीही भट्टीत पाव असल्याने विचारले नाही.

ओल्या पिठाचे पोते आतून तापते, तसाच हा कोळसा उंच रचला की पोटातून तापत असणार. सळई शोध. माझी एक चिलीम संपते तेवढा वेळ ढिगात ठेव आणि मग गालाला लाव. गरम लागली तर लगेच ढीग मोड. पाणी आधी ओतू नकोस, आधी पसरव.

आणि मग ती वखार मचच्या गळ्यात घाल आणि इकडे ये. मागची खोली रंगवून ठेवली आहे. पडदे कसले हवेत ते जेसी विचारते. बाईने कोळशात का मरावे?

तुझा,
ह्यू

कर्कब्रे
बुधवार, ९ जुलै १८८४

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

नदीच्या पुराने टपाल अडले होते. तुझे पत्र शनिवारी संध्याकाळी मिळाले आणि सळई शोधण्यातच उजेड गेला. रविवारी चर्चला निघण्याआधी ती ढिगात खुपसली. बाहेर काढली तेव्हा गालापर्यंत न्यावी लागली नाही, हातातच धरवेना. ओली लोकर शेगडीजवळ धरल्यासारखा वास येत होता.

मी पीट्रीकडे गेले. तो म्हणाला, बाई, देवाच्या वारी मी फावडं उचलणार नाही, उद्या उजाडायच्या आत येतो. तो भला माणूस आहे, पण त्याची आई मेली तेव्हाही त्याने रविवारी खड्डा खणू दिला नव्हता. मग मी चर्चच्या दारात जाऊन सगळ्यांसमोर सांगितले. मच यांनी टोपी काढून विचार केला आणि म्हणाले, "इझोबेल, बैल खड्ड्यात पडला तर रविवारीही बाहेर काढावा, असं शास्त्र सांगतं. कोळशाबद्दल काही सांगितलेलं नाही."

मी म्हटले, "मग शेडमधल्या यंत्रांना बैल समजा. कामं ती बैलाचीच करतात."

मागे कोणीतरी हसले. मी पुढे थांबले नाही. घरी येऊन काळ्या पोशाखावर गॅव्हिनचा कोट चढवला आणि फावडे घेतले. थोड्या वेळाने शेडमधून ओढाताणीचा आवाज आला. मच कोट काढून पहिले यंत्र रस्त्यावर ओढत होते आणि इतरांना सांगत होते की हा बैल फार जड आहे. पीट्री कुंपणाबाहेर हात मागे बांधून उभा होता. मग तोही आत आला.

ढिगाचे पोट लाल झाले होते. पसरवून पाणी मारले. भिंतीच्या चार फळ्या काळ्या पडल्या, यंत्रांना काही झाले नाही. प्रवचन त्या दिवशी फार उशिरा झाले आणि चर्चभर कोळशाचा वास होता.

गॅव्हिन शनिवारीच का पाहत असे, ते आता कळले. रविवारी सापडले असते तर लोकांना विचारावे लागले असते. तो विचारणाऱ्यांतला नव्हता.

काल कंपनीचा माणूस आला. काळ्या फळ्या पाहून त्याने विचारले, तेव्हा ढीग उंच रचल्यापासून सगळे मी सांगितले. मच तिथेच होते. मला वाटले, आता बोलतील. ते एवढेच म्हणाले, यंत्रं बाईंनी वाचवली, मी शास्त्र सांगत होतो. सुगीपर्यंत विक्री माझ्याकडे राहिली आहे. पुढचे सुगीनंतर. तेव्हा मागची खोली मुलांना दे आणि वहिनीला पडद्यांसाठी माझे आभार सांग.

जहाजाची गोष्ट मला माहीत नव्हती. तुला सांगितली आणि मला नाही, याचे वाईट वाटत नाही; पण कुतूहल जात नाही. होडीत त्याच्याबरोबर कोण होते? किनाऱ्याला किती जण लागले? तो काही ओझरते बोलला असेल, एखादे नाव घेतले असेल, तर आठवून लिही. मी घाई करत नाही.

पुराने टपाल अडेल, लोभ अडू देऊ नकोस.

तुझी,
इझोबेल

ता. क. घरातला कोळसा गॅव्हिन आणत असे, एप्रिलपासून पीट्री आणून ठेवतो. आज तो लवकर गेला. शेगडी विझत आली आहे आणि बादली रिकामी आहे. जाऊन भरून आणते.