बुजवलेली चार भोकं

मी, खाली सही करणारा, वय पंचवीस, शिक्षण सातवी पास (आठवीत दोन महिने), धंदा उंच मनोरे उभारण्याच्या कामावर फिटर, सध्या मुक्काम कामगारांच्या वसाहतीतली खोली नंबर अकरा, वरचा पलंग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लिहिताना मला ताप नाही, मी प्यायलेलो नाही आणि कोणी माझ्या मानेवर बसलेलं नाही. डोकं एरवी असतं तेवढं ठिकाणावर आहे. टाइमकीपरकडे एका वकिलाने केलेला नमुना होता. 'सदर' आणि 'येणेप्रमाणे' हे शब्द तिथून घेतले आहेत, चुका माझ्या आहेत.

हे लिहिण्याचं कारण असं की सोमवारपासून आमची टोळी नव्वद मीटरच्या वर चढणार आहे. कंपनीने सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला. त्यात 'वारसाचे नाव व नाते' अशी एकच ओळ होती. मी 'आई' लिहून दिलं आणि परत आलो. पण मला जे मागे ठेवून जायचं आहे ते एका ओळीत बसत नाही.

यापूर्वी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर त्यातही खोटंच लिहिलं असतं.

कलम १. बँकेत जे काही असेल ते आईचं. तिने ते दादाच्या टेम्पोत घालू नये. घालणारच, तरी लिहून ठेवतो.

कलम २. माझे बूट, जाड जाकीट आणि गाणी वाजवायचा डबा खालच्या पलंगावरच्या क्रेनवाल्याला. बूट त्याला एक नंबर लहान होतील, पण तो गेले सहा महिने मला न विचारता घालतोच आहे, त्यामुळे सवय झाली असेल.

कलम ३. घरी माझ्या खाटेखाली पत्र्याची पेटी आहे. तिच्यातली ड्रिल मशीन, पान्यांचा जुडगा आणि लेव्हलची बाटली मामाला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वेल्डर. त्याच्यावर माझा जुना राग आहे. मी चौदा वर्षांचा असताना त्याने चार गिऱ्हाइकांसमोर मला म्हटलं होतं, "ह्याच्या हातून खिळा सरळ जाईल तेव्हा मी मिशी काढीन." तो राग मी अकरा वर्षं जपून ठेवला. आज सोडून देत आहे, कारण मामाचं म्हणणं बरोबर होतं. मिशी तशीच ठेवावी.

कलम ४. शिडाची होडी. ही मालमत्ता दादाची आणि माझी अर्धी-अर्धी आहे. माझा अर्धा हिस्सा दादाच्या मुलीच्या नावे करावा. सदर होडी सतरा फुटी आहे, ट्रेलरसकट आहे, आणि आम्ही ती एका निवृत्त मास्तरांकडून घेतली. मास्तरांनी ती विकली कारण तिची डोलकाठी त्यांना एकट्याला उभी करता येईना. बावीस फुटांची काठी, प्रवासात होडीवर आडवी झोपवलेली असते, आणि तलावावर पोचलं की उभी करायची. आम्हालाही तिघे लागायचे. दर वेळी कोणाला तरी हाका मारा, चहा पाजा, त्याच्या शिव्या खा. मला वाट बघणं जमत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, एका माणसाने उभी करायची. मी जुगाड करतो.

कलम ५. तो जुगाड, ज्याला घरात सगळे 'घोडा' म्हणतात. मचाणाच्या दोन जुन्या नळ्या, वर एकत्र बांधून तिकोन केलेल्या. तिकोनाच्या टोकावरून एक दोर काठीला आणि दुसरा कप्प्यांमधून होडीच्या नाकावरच्या हातविंचला, म्हणजे हाताने फिरवायच्या दोराच्या चरखीला. विंच फिरवली की घोडा पुढे झुकतो आणि काठी मागून उठत येते, सावकाश, आजारी माणूस उठून बसतो तशी. सदर घोडा, विंच आणि चारही कप्प्या दादाला. घोडा चांगला आहे. त्याच्यात आज काहीही दोष नाही. 'आज' हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे, पुढचं कलम वाचावं.

कलम ६. हे कलम मी तीनदा लिहून फाडलं आहे.

काठी उठताना डावी-उजवीकडे कलंडू नये म्हणून तिच्या मध्यावरून दोन्ही बाजूंना एकेक दोर होडीच्या काठावरच्या कडीला बांधतात. त्या दोन कड्या काठीच्या बुडातल्या बिजागरीच्या बरोबर रेषेत पाहिजेत. रेषेत असल्या तर काठी कुठल्याही कोनात असली तरी दोर सारखेच ताठ राहतात. मागे-पुढे झाल्या तर उभ्या काठीला दोर ताठ दिसतात आणि अर्ध्यावर ढिले पडतात. मला हे मामाने सांगितलं होतं. त्याने होडीच्या काठावर खडूने रेघसुद्धा मारून दिली होती. "हिथं बसव रे शहाण्या. चार बोटंही इकडे-तिकडे नको."

मी चार बोटं मागे बसवल्या. कारण रेघेच्या खाली आतून लाकडी कपाट होतं. नट आवळायला हात पोचायचा तर ते कपाट काढावं लागणार होतं. चार बोटं मागे हात सहज जात होता. दुसऱ्या दिवशी रविवार होता, मला तलावावर जायचं होतं. खडूची रेघ मी बाहीने पुसली.

संध्याकाळी अंगणात काठी उठवून बघितली तेव्हा अर्ध्यावर दोन्ही दोर लोंबले. मी ते बघितलं. मला कळलं नाही असं अजिबात नाही. कपाट काढून कड्या हलवायच्या सोडून मी उजव्या बाजूला एक जादा दोर बांधला आणि बाबांना म्हटलं, "उद्या हा तेवढा धरा तुम्ही. नुसतं नावाला." तो दोर कशासाठी आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. एका माणसाने काठी उभी करायची अशी फुशारकी मी महिनाभर मारली होती. दुसरा माणूस का लागतो हे कोणत्या तोंडाने सांगणार.

बाबांना न ओळखणारे बाहेरचे लोक हे वाचतील तर त्यांच्यासाठी लिहितो: माझे वडील काच कापतात. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. मोठं टेबल, त्यावर घोंगडी, भिंतीला उभ्या काचा. दाराएवढी काच ते दोन्ही तळव्यांवर उचलून एकट्याने फिरवायचे आणि समोरच्याशी गप्पा मारत असायचे. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून किती काचा फुटल्या विचारलं तर म्हणायचे, "दोन. एक भूकंपाने."

रविवारी तलावाच्या उतारावर मी विंच फिरवत होतो. दादा होडीच्या डाव्या काठाशी उभा राहून काठीला ताणून धरायच्या तारांचा गुंता सोडवत होता. बाबा उजवीकडे दोर धरून. काठी अर्ध्यावर आली आणि बाजूने वारा आला. फार नाही, टोपी उडेल एवढा. काठी डावीकडे कलंडली. दादाच्या खांद्यावर आली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

तेव्हा मी जे बोललो ते मला शब्द न शब्द आठवतं. माणसं धावत येत होती, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बाबा, दोर सोडलात कसा?"

बाबांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. म्हणाले, "सुटला रे."

दवाखान्यात दादाचा खांदा बसवत होते तेव्हा बाहेरच्या बाकावर नर्सने बाबांच्या हातांना पट्ट्या बांधल्या. दोन्ही तळवे सोलले होते. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आतलं लाल दिसत होतं. नर्स म्हणाली, "आजोबा, एवढं होईपर्यंत धरून का ठेवलंत?" दोर सोडून देणाऱ्याचे तळवे सोलत नाहीत. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो होतो.

कलम ७. दुसऱ्या दिवशी सगळे दवाखान्यात असताना मी अंगणात होडीवर चढलो. कपाट काढलं. कड्या मागच्या जागेवरून काढून मामाने सांगितलेल्या रेषेत बसवल्या. जुनी चार भोकं लांबीने (रंगाऱ्यांची पुट्टी) बुजवली, घासली, वर रंगाचा हात मारला. सगळं मिळून पाऊण तास लागला. शनिवारी हाच पाऊण तास माझ्याकडे नव्हता.

संध्याकाळी मामा आला. होडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बिजागरी आणि कड्या एका डोळ्याने जुळवून बघितल्या. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "म्हणजे ऐकलंस माझं. कड्या तर बरोबर आहेत." वर म्हणाला, "मग म्हाताऱ्याचाच हात गेला म्हणायचा." बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी ऐकलं. मान हलवली.

आठ दिवसांनी मी इथल्या कामाला नाव दिलं. सगळ्यांना वाटलं पोरगा घरासाठी एवढ्या लांब चालला. आईने तर गल्लीत सांगितलं.

पुरावा म्हणून लिहितो: उजव्या आणि डाव्या कडीच्या मागे चार-चार बोटांवर रंग नखाने खरवडावा. प्रत्येक बाजूला दोन भोकं सापडतील. लांबी पांढरी आहे.

कलम ८. बाबांबद्दल. गेल्या दोन वर्षांत बाबांनी मोठी काच उचललेली नाही, हे वहिनीने फोनवर सांगितलं. दुकानात हाताखाली माणूस ठेवला आहे, बाबा गल्ल्यावर बसून मापं लिहून घेतात. दादाची मुलगी झाली तेव्हा वहिनी तिला त्यांच्या हातात द्यायला गेल्या. बाबा म्हणाले, "मांडीवर ठेव. हातात नको, माझ्या हाताचा भरवसा नाही." आता ती पळते, दारात जाऊन 'आजोबा उचल' म्हणते, आणि ते तिच्याशेजारी खाली बसतात. वहिनी हे हसत सांगत होत्या. मी सांगितलं, रेंज जातेय, आणि फोन ठेवला. बाबांचा स्वतःचा फोन येतो तेव्हा मी उचलतच नाही.

दादाचा हात कानाच्या वर जात नाही. दादा, तू बाबांना कधी एक शब्द बोलला नाहीस. सगळ्यांना ताकीद दिलीस की म्हाताऱ्याला कोणी काही म्हणायचं नाही. तू त्यांना माफ केलंस. माफीची गरज ज्याला होती तो मी होतो, आणि ते तू करावंस असं मी इथे मागत नाही, कारण मृत्युपत्रात फक्त द्यायचं असतं असं टाइमकीपर म्हणाला.

कलम ९. हे मृत्युपत्र अमलात आणायचं काम मी वहिनींना देतो. घरात सरळ वाचता त्यांनाच येतं, आणि त्या मध्येच रडणार नाहीत.

कलम १०. इथपर्यंत लिहून मी कागद क्रेनवाल्याला साक्षीदार म्हणून वाचायला दिला. त्याने बूट माझ्याच पलंगाच्या कडेला टेकवून सगळं वाचलं. मग विचारलं, "हे उघडायचं कधी?"

म्हटलं, "मी मेल्यावर. मृत्युपत्र आहे."

"आणि नाही मेलास तर?"

मी पेनाला टोपण लावलं.

"तू धट्टाकट्टा आहेस. दोन-दोन पट्टे लावून चढतोस. आणखी चाळीस वर्षं मरत नाहीस," तो म्हणाला. "तेवढी वर्षं बाप तिकडे हात मांडीवर ठेवून बसणार? तो आधी जाईल गाढवा. मग हे कुणाला वाचून दाखवणार, होडीला?"

मी म्हटलं, सांगायचं धाडस नाही म्हणून तर लिहितोय. तो म्हणाला, मग लिहिलंस ना, झालं.

म्हणून मी पूर्ण शुद्धीत या मृत्युपत्रात पुढील बदल करत आहे. कलम १ ते ५ माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. कलम ६, ७ आणि ८ हा कागद घरी पोचेल त्याच दिवशी लागू होतील, मी जिवंत असलो तरी. वहिनींनी ती तीन कलमं काचेच्या दुकानात, बाबांसमोर, मोठ्याने वाचावीत. दादाला आणि मामाला बोलवावं. मामाने आधी होडीवरचा रंग खरवडून यावं, म्हणजे पोराने बापाला बरं वाटावं म्हणून लिहिलं असं कोणी म्हणणार नाही.

बाबा, तुम्ही दोर सोडला नव्हता. दोन माणसांनाही धरवला नसता तो. तुम्ही धरला होता म्हणून काठी डोक्याऐवजी खांद्यावर आली असेल, हे मला इथे रोज वजनं चढवताना कळतं. वाचून झाल्यावर तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल तर तसं वहिनींना सांगा, मी समजेन. शिव्या द्यायच्या असतील तर फोन करा. आता उचलीन.

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे, तो खरा आहे, आणि खाडाखोड आहे ती माझ्याच हातची आहे.

ठिकाण: खोली नंबर अकरा.
दिनांक: नऊ, रविवार, जेवणाच्या सुट्टीनंतर.

सही: धाकट्या (घरातलं नाव. कागदावरचं नाव पाकिटाच्या मागे लिहिलं आहे.)

साक्षीदार १: टाइमकीपर. सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचण्याची मला गरज नव्हती, पण वाचला.

साक्षीदार २: क्रेनवाला, खालचा पलंग. सही माझ्यासमोर झाली. पाकीट मी स्वतः टपालात टाकणार आहे. ह्याच्या हातात देणार नाही.