पिवळं टोपडं

शिकागो, २१ मे २०००

प्रिय मिलाडा,

तुझं नाताळचं कार्ड येऊन पाच महिने झाले. उत्तराला एवढा उशीर मी कधी केला नव्हता. चारदा लिहायला बसले नि चारदा कागद फाडला. वाचल्यावर तू मला मैत्रीण म्हणशील की नाही, देव जाणे. पण आज पुरं लिहूनच उठणार.

आधी बातमी. एकसष्टाव्या वर्षी मला काम लागलंय, जनगणनेचं! गळ्यात ओळखपत्र अडकवून आपल्याच गल्लीत दारोदार हिंडते. वंश कोणता, उत्पन्न किती, किती वर्षं राहता? समोरचा म्हातारा ओटिस म्हणाला, "ओडेसा, अडतीस वर्षं माझं तोंड बघतेस आणि विचारतेस मी काळा का गोरा? चष्मा बदल गं बाई!" उत्पन्नाचं विचारलं तेव्हा मात्र त्याने दार लोटून घेतलं. तुमच्या जुन्या घरात आता एक गोरं जोडपं आलंय, दोघंही वकील. ती बाई बाबागाडी घेऊन फिरायला निघाली की ओटिस पायरीवरून पुटपुटतो, "आली बघ. आता घरपट्टी वाढणार, आणि आपण चंबूगबाळं आवरायचं." घरांच्या दलालांच्या चिठ्ठ्या पुन्हा दारात पडायला लागल्यात. ओटिसच्या बोलण्यावर सगळे हसतात, मला हसू येत नाही.

एकसष्ट सालचा उन्हाळा तुला आठवतच असेल. गल्लीत सगळी तुमचीच गोरी चेक माणसं, काळं घर एकही नाही, आणि तरी एक काळी पोरगी रोज दुपारी बाबागाडी ढकलत जायची. मागोमाग तो स्ट्राउड दलाल दारं ठोठावायचा: "पाहिलंत ना? आत्ताच विका, पुढल्या वर्षी कुत्रं विचारणार नाही." लोक खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायचे. तू एकटी पायऱ्या उतरून आलीस, हातात स्वतः विणलेलं पिवळं टोपडं. "दाखव की गं बाळाला," म्हणालीस. मी पांघरूण घट्ट धरून "झोपलंय" म्हटलं आणि टोपडं घेऊन जवळजवळ पळालेच.

पुढल्या वर्षी आम्ही तुझ्या शेजारचंच घर घेतलं, ज्या भावाला तुमच्या शेजाऱ्याने ते स्ट्राउडला विकलं त्याच्या दुपटीने. दोन्हीकडून स्ट्राउडनेच पोळी भाजून घेतली. पहिल्याच दिवशी तू जर्दाळू भरलेल्या गोड पावांची, तुमच्या कोलाचेंची थाळी घेऊन आलीस आणि विचारलंस, "बाळ कुठंय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "गेलं." तू मला कवटाळून रडलीस. त्यानंतर तीन वर्षं तू माझी होतीस. सगळे गेले तरी तू राहिलीस. शेवटी तुझ्या नवऱ्याचा धीर सुटला, घर मातीमोल गेलं, आणि ट्रकमध्ये चढताना तू माझ्याकडे बघून हात हलवलास. त्या घरासाठी तू किती झुरलीस ते तुझ्या पत्रांतून कळत होतं.

यंदाच्या कार्डातही तू लिहिलंस, "नोव्हेंबरात आमच्या पितरांच्या दिवशी तुझ्या बाळासाठी मेणबत्ती लावली." अडतीस मेणबत्त्या झाल्या, मिलाडा. बाळ नव्हतंच. मला कधीच मूल झालं नाही. ती गाडी स्ट्राउडची होती आणि पांघरुणाखाली पिठाची पिशवी होती. तुमच्या गल्लीतून चार फेऱ्या मारायचे तो रोजचे पाच डॉलर द्यायचा. आम्ही एका खोलीत सहाजणं राहत होतो, आणि मला तुमच्यासारखं अंगणाचं घर हवं होतं. लोकांना घाबरवायला मला आणलंय, हे मला पक्कं माहीत होतं. एक तूच घाबरली नाहीस, आणि तुझंच घर गेलं. टोपडं सोबत पाठवतेय. ते कुणाच्याच डोक्यावर चढलं नाही. मला माफ करू नकोस हवं तर, पण येत्या पितरांच्या दिवशी त्या नसलेल्या बाळासाठी मेणबत्ती लावू नकोस.

अजूनही तुझीच म्हणवून घ्यावंसं वाटणारी,
ओडेसा