रिकाम्या कबरीपाशी दादा

प्रिय आई, येशूची कृपा तुझ्यावर राहो.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

ईस्टरसाठी चर्चमध्ये मी मातीची रिकामी कबर केली. शेजारी मरणातून उठलेला येशू घडवला, तर चेहरा समुद्रात गेलेल्या आपल्या दादाचाच झाला. मोडून पुन्हा केला, पुन्हा तोच. घाबरून फादरना म्हटलं, "हा माझा भाऊ आहे. आम्हाला पुरायलाही मिळाला नाही."

ते "मग राहू दे," म्हणाले.

काल लोक त्याच्यापुढे मेणबत्त्या लावत होते. माती कधीच सुकलीय, पण मला त्याचे केस ओलेच दिसत होते.

आई, दादासाठी रात्री दाराची कडी काढून ठेवतेस ना अजून? ठेवत जा.

तुझीच,
धाकटी